पिलाबरोबर दिलेली माती

केळीची खालची पानं आधी पिवळी पडली. कडेनं सुरू होऊन पिवळेपणा मधल्या शिरेपर्यंत आला, मग देठ खोडाशीच मोडले आणि पानं झाडाभोवती लोंबत राहिली. मामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "ऊन हाय." मीही काही दिवस तेच म्हणत राहिले. मार्चमध्ये आमच्या निंबर्ग्याला ऊन असतंच. पण उन्हानं करपणारी केळ वरूनही करपते. हिची शेंड्याची पानं हिरवी आणि ताठ होती. एका संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी पिशवी खाली ठेवून बुडाशी वाकून पाहिलं. लाल खोड जमिनीपासून वीतभर उभं चिरलं होतं.

मी आळंदच्या शाळेत विज्ञान शिकवते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करताना हा रोग वाचला होता, परीक्षेत त्याची आकृतीही काढली होती. याला मर म्हणतात. बुरशी मातीत असते, मुळातून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नळ्या बंद करते. खात्री करायची तर खोड आडवं कापायचं. मी कोयता आणला आणि सगळ्यात जास्त पिवळं पडलेलं खोड कापलं. आत तांबूस तपकिरी ठिपक्यांचं कडं होतं, आकृतीत होतं तसंच.

मी ती चकती हातात धरून परसात बसून राहिले.

ही केळ माझ्या नवऱ्यानं, हरिओमनं लावली होती. लग्नाच्या वर्षी तो कमलापूरहून लाल केळीचं एक पिल्लू मोटारसायकलला बांधून घेऊन आला होता. केळीला लावण्याजोगं बी नसतं. बुडाशी पिल्लं फुटतात, घड उतरवला की मोठं झाड संपतं आणि पिल्लू त्याची जागा घेतं. त्यामुळे परसातलं खोड चार-पाचदा बदललं तरी झाड तेच होतं, हरिओमच्या हातचं. शास्त्रानंही ते तेच असतं. एकाच कंदाची ती पुढची वाढ असते.

तीन वर्षांपूर्वी हरिओम डेंग्यूच्या तापात गेला. पहिल्या वर्षश्राद्धाला मामांनी, भगवानरावांनी, जेवायला आलेल्या घरांना केळीची पिल्लं दिली. त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. मग दरवर्षी ते तसंच करू लागले. तलवारीसारख्या अरुंद पानांची पिल्लं निवडायची, पहारीनं भोवती उकरायचं, कोयत्यानं आईपासून तोडायची, मुळं छाटायची. रुंद पानांची ते घेत नसत. "ती नुसती मिरवतात," म्हणायचे. आणि प्रत्येक पिल्लाबरोबर ओल्या गोणपाटात आईच्या बुडाची दोन ओंजळी माती बांधून द्यायचे.

"परक्या जागी पिल्लू घाबरतंय," ते समजावून सांगायचे. "खड्ड्यात आधी ही माती टाका. आपली माती लागली म्हंजे ते जीव धरतंय."

त्यांच्या आईनं त्यांना असं शिकवलं होतं. मला ते ऐकायला बरं वाटायचं. त्यात काही चूक आहे असं माझ्या मनात आलं नव्हतं, कारण तेव्हा माती चांगली होती. निदान मी तसं धरून चालले होते.

मामा रानातून आले तेव्हा मी तिथंच बसलेली होते.

"काय करायलीस गं?"

मी चकती पुढे केली. ते बाजूला उकिडवे बसले.

"कीड लागली व्हय?"

"कीड नाही मामा. रोग आहे, मातीतला. मर."

"मंग औषध आणू. आळंदच्या दुकानात इचार उद्या."

"ह्याला औषध नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेल्या सुनेकडे पाहावं तसं, थोडं मस्करीनं. "समद्याला औषध असतंय. तुला ठावं नसंल."

"मामा, हे उपटून जाळावं लागेल. पुरं बेट."

आतून आत्या, माझ्या सासूबाई, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना गुडघ्यांमुळे चालताना भिंत धरावी लागते. त्या म्हणाल्या, "जाळा एकदाचं. ह्या माणसाचं केळीकडं जेवढं ध्यान हाय तेवढं माझ्या गुडघ्याकडं असतं तर मी आळंदला चालत जाऊन आले असते."

कुणी हसलं नाही तेव्हा त्या भिंत धरून उभ्याच राहिल्या.

"बरं, उपटू," मामा म्हणाले. "पिलं हायेत की. दोन काढून ठिवू, दुसरीकडं लावू."

"पिल्लं त्याच कंदाची आहेत."

"मंग गावातनं एक मागून आणतो. दिल्यात की आपण इतकी."

मला बोलायचं नव्हतं, पण ते इथंच यायचं होतं. मी विचारलं, "मामा, कुणाकुणाला दिलीत?"

"मोजून देतंय व्हय कुणी? विमलबाईला दिलंय, बसलिंगप्पाला, खालच्या आळीत…" ते थांबले. हात गुडघ्यावर होता तसाच राहिला. "मातीत असतंय म्हणालीस नव्हं तू?"

"हो."

"किती दिस राहतंय मातीत?"

"वर्षानुवर्षं. झाड नसलं तरी राहतं."

मामांनी चहाची कपबशी बाजूला सरकवली. दोन्ही तळवे उघडून पाहिले आणि धोतरावर पुसले. मी म्हणाले की रोग कुठून आला ते कुणालाच सांगता येणार नाही, वरच्या रानातल्या पाण्यानं आला असेल, भाड्याच्या ट्रॅक्टरच्या फाळाला लागून आला असेल. हे सगळं खरं होतं. त्यांनी ते ऐकलं का, मला माहीत नाही.

"कुठनं आला ते ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "कुठं गेला ते मला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मामांनी पहार, कोयता आणि चुन्याची गोणी घेतली. मी बादलीत ब्लीचिंग पावडर कालवून घेतली, म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरी जाताना हत्यारं आणि पाय धुता येतील. आधी आपली केळ काढू, असं मी म्हणाले. ते म्हणाले, "आपली शेवटी."

पहिलं घर विमलबाईंचं. विमलबाई हरिओमच्या लांबच्या मावशी लागतात. त्यांच्या दारातली केळ नुकतीच निसवली होती. शेंड्यातून जांभळं केळफूल बाहेर येऊन खाली वळलं होतं आणि पहिल्या फण्या उघडल्या होत्या. खालचं एकच पान पिवळं होतं.

"तोडायची?" विमलबाई म्हणाल्या. "दादा, डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"रोग हाय तिला."

"कुठं हाय रोग? एक पान पिवळं पडलंय. माझा बी एक केस पांढरा झाला तर मला उपटताल व्हय?"

"विमल, ऐक माझं."

"न्हाई ऐकत. दीड वरीस पाणी घातलंय म्या. हंड्यानं. तुम्हीच म्हणलात, हरिओम दारात हाय म्हणून समज. आन आता तुम्हीच पहार घेऊन आलाव."

मी पुढे होऊन समजावायला लागले, बुरशी, मुळं, पाणी. विमलबाईंनी हातानं मला थांबवलं. "तू शाळंत शिकीव. हे आमचं आमचं हाय."

तेव्हा मामांनी पहार खाली ठेवली आणि हात जोडले. विमलबाई त्यांच्याहून वयानं लहान. भरल्या रस्त्यावर, शेजारच्या दारात बाया उभ्या असताना, ते हात जोडून म्हणाले, "म्या दिलेल्या मातीतनं आलाय गं. तुझ्या परसातली पपई, वांगी, त्याला काय व्हत न्हाई म्हणते ही. पण केळीला कुठंच जागा ऱ्हाणार न्हाई. पाण्यासंगं खालच्या रानात जाईल. तिथं आपल्या गावच्या संगमेश्वरची केळीची बाग हाय. लेकराच्या नावानं दिलेलं दुसऱ्याची बाग खाईल विमल."

विमलबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. 'नाही' म्हणाल्या नाहीत.

मामांनी केळ तोडली. खोडात तेच तांबूस कडं होतं. बेट कंदासकट उकरून, तुराट्या रचून आणि डिझेल शिंपडून तिथंच जाळलं. केळीत पाणी फार. ती जळत नाही, आधी शिजते. धुरात बराच वेळ उकडलेल्या भाजीसारखा वास येत राहिला. मग खड्ड्यात चुना. माझे डोळे धुरानं वाहत होते आणि ते बरं झालं.

त्या दिवशी आणि पुढच्या रविवारी आम्ही हेच केलं. काहींनी ओरडून घेतलं, काही म्हणाले, तुम्हीच करा, आमच्यानं व्हायचं न्हाई. एका घरी पिल्लू कधीच मेलं होतं आणि त्यांनी आम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नव्हतं. बसलिंगप्पा अण्णांच्या दारातली केळ तोडली तर आतून स्वच्छ पांढरी निघाली. एकही ठिपका नव्हता. मी कंदही चिरून पाहिला.

"ही चांगली होती," मामा म्हणाले.

"आपली माती गेली होती इथं, मामा. आज ना उद्या लागलाच असता."

"पर चांगली होती."

बसलिंगप्पा अण्णा कानडीतून म्हणाले, जाऊ द्या भगवानराव, झाडच ते. मामांनी मान हलवली आणि पहार घेऊन उठायच्या ऐवजी तिथंच खाली बसले. अण्णांनी पाणी आणून दिलं. पुढचं घर त्या दिवशी झालं नाही.

आमची केळ शेवटी काढली. आत्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मुळं खोल गेल्यात, नीट उकरा," आणि पदर तोंडाला लावला. मी पहार चालवली. मला वाटलं होतं की मला जमणार नाही, पण काम सुरू झालं की हात काम करतात. कंद बाहेर निघाला तेव्हा तो दोन्ही हातांत मावत नव्हता. त्यावर जुन्या तोडलेल्या खोडांच्या खुणा होत्या, एकावर एक. सगळ्यात खालची खूण कुठली असेल हे मी शोधायला लागले आणि मग शोधायचं थांबवलं.

परसातली ती जागा चुन्यानं पांढरी झाली. न्हाणीघराचं पाणी तिथं जायचं, ते मी दुसरीकडे वळवलं.

काही दिवस मामा जेवून उठले की परसाच्या दारापर्यंत जायचे आणि परत यायचे. एका सकाळी मी डबा भरत होते तेव्हा ते आत आले.

"मंजू, राजपालला दिलं होतं की."

राजपाल हरिओमचा कलबुर्गीच्या कॉलेजातला मित्र. हुलसूरचा. तिथं त्याचं रान आहे आणि पाइप-मोटारींचं छोटं दुकान. आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो निंबर्ग्याला आला होता, आणि जाताना हरिओमनं त्याला एक पिल्लू दिलं होतं. मला ती सकाळ आठवत होती. मामांनी गोणपाट आणलं होतं आणि हरिओम हसत म्हणाला होता, "अप्पा, त्याच्या रानात मातीला काय दुष्काळ पडलाय व्हय? बॅगेत कपडे हायेत त्याचे." राजपालनं पिल्लू नळाखाली धुऊन वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतं. मामा दिवसभर रागावले होते.

मी शाळेतून राजपालला फोन लावला.

"वैनी! केळ ना? एकदम झकास हाय. एक घड आत्ताच उतरवला. आमची आई म्हणती, केळ हाय का केळीचं रान हाय. कामून इचारायलाव?"

मी सांगितलं. मग पानांचे, बुडख्याचे फोटो पाठवायला मी सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत फोटो आले. मी एकेक मोठा करून पाहिला. पानं देठापासून टोकापर्यंत हिरवी होती. खोड कुठेही चिरलेलं नव्हतं. बुडाशी पाच-सहा पिल्लं होती, अरुंद पानांची. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं, हे चांगलं होतं.

घरी आल्यावर मामांना दाखवले. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला.

"एक आणू."

"कुठे लावायचं मामा?"

"वरच्या रानात."

"तिथं आपलंच औत जातं. आपलेच पाय."

"मंग कुंडीत लावू. ड्रममधी. माती बाहेरची आणू."

यावर मी विचार केलेला होता. दुपारभर तोच केला होता. ड्रम, विकतची माती, गच्ची. पण आमच्या घरात तोच झाडू, तीच बादली, त्याच चपला, पावसाळ्यात अंगणभर तेच पाणी. मला तसं पिल्लू आणायचं होतं, आणि ते वर्षा-दोन वर्षांत मरेल हेही माहीत होतं. मी एवढंच म्हणाले, "ते तिथंच जगेल."

मामा बराच वेळ फोटो पाहत राहिले. "बघून तर येऊ," म्हणाले. "बघायला काय हरकत न्हाई न्हवं?"

हरकत नव्हती. मी आळंदहून दोघांना नव्या चपला आणल्या. निघायच्या सकाळी मामांनी पाय दगडानं घासले, नखं कापली, धुतलेले कपडे घातले. काठी घरीच ठेवली. बसनं आळंद, तिथून बसवकल्याण, मग हुलसूर. बसवकल्याणला मी उसाचा रस घेतला, त्यांना नको होता.

राजपालचं घर गावाबाहेर रानातच आहे. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, फाटकावर निळा रंग. आत उजवीकडे विहीर आणि तिच्यापलीकडे केळ. फाटकातूनच दिसली. लाल खोडं, एकमेकांना टेकून उभी, आणि एका खोडाला लहान घड. आमच्या परसातली कधी इतकी पसरली नव्हती.

"या अप्पा, या," राजपाल फाटक उघडत म्हणाला. "वैनी, या."

मी पाऊल उचललं. मामा जागेवरच उभे होते.

"मामा, चला."

"न्हाई. मी हितनंच बघतो."

"पाय धुतलेत, चपला नव्या आहेत. काही होत नाही."

"धोतराच्या काष्ट्यात असंल. नखात असंल. बसलिंगप्पाची बी चांगलीच होती."

राजपालची आई, शोभाबाई, ओट्यावरून उतरून येत होत्या. सत्तरीच्या, कपाळ मोकळं, पांढरी साडी. ओट्यामागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. त्या हसत येत होत्या, आणि मामा कुंपणाबाहेर थांबलेले पाहून त्यांचं हसू कमी झालं.

"काय भाऊ," त्या म्हणाल्या, आवाज बदलला होता. "इतक्या लांबून आलाव आन आमच्या दारात पाय ठिवायला नको व्हय? म्या समजले, असलं समदं मिटलं."

मामांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवलं नाही.

"न्हाई वो शोभाबाई," ते म्हणाले. "तसं न्हाई. तुमच्याकडनं मला काय लागत न्हाई. माझ्याकडनं तुमाला लागंल. माझ्या पायाला रोग हाय. समद्या गावात म्याच वाटत फिरलो."

राजपालनं आईला हळू आवाजात काहीतरी सांगितलं. शोभाबाईंनी ते पूर्ण ऐकलं. मग आत जाऊन चहा घेऊन आल्या, चार कप, आणि स्वतःच फाटकाबाहेर येऊन आमच्याशेजारी बांधावर बसल्या. "बसा मंग हितंच," म्हणाल्या. "आमचं बी रानच हाय हे. हवा चांगली हाय. आत नुसतं उकडतंय."

चहा संपेतो राजपालनं एक पिल्लू काढलं. विहिरीच्या पाण्यानं धुतलं, चाकूनं कंद सोलला आणि कुंपणाच्या आतून आम्हाला दिसेल असा धरला. उन्हात तो खोबऱ्यासारखा पांढरा दिसत होता. मी तारेवरून वाकून पुन्हापुन्हा पाहिलं, सगळ्या बाजूंनी फिरवायला लावला. एकही ठिपका नव्हता.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

"घ्या अप्पा," राजपालनं पिल्लू तारेवरून पुढे केलं. "हात तर लावा. तुमचंच हाय."

मामांनी दोन्ही हात मागे घेतले. लहान मूल चटक्याला भिऊन घेतं तसे, पाठीमागे.

"लाव परत," ते म्हणाले. "सावलीत ठिव दोन दिस, मंग लाव. कुणी मागितलं तर देत जा. धुऊन दे. त्यासंगं माती देऊ नको, कुणी किती बी म्हणलं तरी."

"व्हय अप्पा."

"आन आमच्या गावचं कुणी आलं तर देऊ नको."

"बरं."

"मी आलो तरी."

राजपालनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो पिल्लू घेऊन विहिरीकडे गेला.

मला आत जायचं होतं. नव्या चपला, धुतलेले पाय, एवढी काळजी पुरेशी आहे हे मला माहीत होतं, आणि खोडाला फक्त हात लावून यायचं होतं. फाटक अजून उघडं होतं. शोभाबाई म्हणाल्या, "तू तरी ये गं पोरी." मामा तारेपासून हातभर लांब उभं राहून केळीकडे बघत होते. वाऱ्यानं पानं हलली की त्यांची मानही थोडी हलायची.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेवटची बस पाचला होती, तोवर आम्ही तिथंच होतो.